दोनच इलेक्ट्रोडवर ईसीजी घेताना
शरीराला सर्किटच्या संदर्भ-व्होल्टेजशी बांधणारा तिसरा इलेक्ट्रोड काढला की शरीर अधांतरी राहतं आणि ॲम्प्लिफायरचे इनपुट भरकटतात. म्हणून दोन्ही इनपुटांपासून अर्ध्या सप्लाय व्होल्टेजला प्रत्येकी १० मेगाओहमचा रेझिस्टर जोडा. दोन्ही अगदी जुळते हवेत, नाहीतर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण हृदयाच्या ठोक्यांवर स्वार होते.

पहिल्याच टप्प्यात १०० पट गेन (सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण) घ्यायचा मोह होतो. आवरा! हृदयाचा सिग्नल जेमतेम १ मिलिव्होल्ट, पण इलेक्ट्रोडचा डीसी ऑफसेट (त्वचेशी संपर्कातून येणारं स्थिर व्होल्टेज) ३०० मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो, ३.३ व्होल्टच्या सप्लायवर आउटपुट थेट छताला चिकटतं. आधी ५ पट, मग हे स्थिर व्होल्टेज अडवणारा ०.५ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, उरलेला गेन त्यानंतर.

आणि हो, सर्किट बॅटरीवरच चालवा. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपला जोडून स्वतःच्या छातीवर प्रयोग नको, विजेचा झटका बसू शकतो.