बुटांची माती आणि दुर्बिणीचा नंबर: गोव्यातून न्यूझीलंडला शिकारीसाठी निघताना

बंदूक घरी ठेवा. यादीतली ही पहिली ओळ, आणि तिच्यानेच निम्मं ओझं उतरतं. शेताच्या राखणीसाठी घेतलेल्या परवान्यावर किंवा नेमबाजीच्या परवान्यावर तुमच्याकडे स्वतःची बंदूक असेल, पण तो परवाना इथला. ती देशाबाहेर नेऊन परत आणायची तर इथली वेगळी परवानगी, विमान कंपनीची आगाऊ संमती, वाटेत विमान बदलतं त्या देशाची मंजुरी आणि न्यूझीलंड पोलिसांची आयात परवानगी, एवढं सगळं जुळावं लागतं. यातला एक कागद अडला की सगळा दौरा अडतो. तिथे गाइड स्वतःची रायफल देतो. परवानाधारक अगदी शेजारी राहून लक्ष ठेवत असेल तर पाहुण्याला वेगळा परवाना लागत नाही. एकट्याने हिंडायचं असेल तरच पाहुण्यांसाठीचा परवाना लागतो, आणि त्याचा अर्ज काही महिने आधी करायचा.

बंदूक राहिली म्हणून काडतूस राहिलं असं नव्हे. जुन्या जॅकेटच्या अस्तरात, पिशवीच्या आतल्या कप्प्यात, दुर्बिणीच्या पेटीच्या स्पंजखाली एखादं काडतूस वर्षानुवर्षं पडून असतं आणि एक्स-रे यंत्रात नेमकं दिसतं. भारतीय विमानतळावर सामानात एक काडतूस सापडलं तरी प्रकरण शस्त्र कायद्याखाली पोलिसांकडे जातं. ते विसरून राहिलं होतं, हे पटवून देईपर्यंत विमान सुटलेलं असतं. आठवड्याभरापूर्वी प्रत्येक पिशवी उलटी करून झटका, शिवण बोटांनी चाचपा. झाडलेल्या काडतुसांची रिकामी टोपणंसुद्धा काढा. त्याहून सोपं म्हणजे रेंजवर किंवा शेतावर कधी नेलेली पिशवी या प्रवासाला न्यायचीच नाही.

आता जे सोबत नेणार त्याची नोंद. घरातल्या मोठ्या टेबलावर सगळं सामान मांडा आणि वहीत चार रकाने आखा: वस्तू, कंपनी आणि मॉडेल, सिरियल नंबर, बिलाची तारीख. दुर्बीण, अंतर मोजायचं लेझर यंत्र, कॅमेरा, प्रत्येक लेन्स, घड्याळ. दुर्बिणीचा नंबर बहुधा खालच्या बाजूला किंवा बिजागरीजवळ कोरलेला असतो, लेन्सचा माउंटच्या आसपास. नंबराचा जवळून एक फोटो आणि पूर्ण वस्तूचा एक. ज्यावर नंबरच नाही, म्हणजे बूट, कोट, पाठीवरची पिशवी, त्यांच्या नोंदीचा कस्टमला उपयोग नाही. ते वापरलेलं दिसणं हाच त्यांचा दाखला, म्हणून नवेकोरे बूट पेटीसकट नेऊ नका.

ही वही कामी येते ती परतताना. नव्यासारखी दिसणारी महागडी दुर्बीण तुम्ही इथूनच नेली होती की तिथे घेतली, हे अधिकाऱ्याला बघून कळणार कसं? ते सांगणारा कागद म्हणजे एक्स्पोर्ट सर्टिफिकेट. निघताना कस्टमच्या काउंटरवर वस्तू, बिल, पासपोर्ट आणि तिकीट दाखवायचं. अधिकारी नंबर ताडून वर्णन लिहितो आणि सही-शिक्का मारतो. परत येताना तोच मूळ कागद दाखवला की ती वस्तू नव्या खरेदीत धरली जात नाही. वहीच्या पानाची छापील प्रत दिली की अधिकाऱ्याचं काम दहा मिनिटांत होतं, नाहीतर तो एकेक नंबर शोधत बसतो आणि मागची रांग तुमच्याकडे बघत बसते. विमानाच्या वेळेआधी चार तास पोचा.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. हा शिक्का देश सोडता त्या विमानतळावर मिळतो. मोपा किंवा दाबोळीहून थेट आखातात जाणारं विमान असेल तर कस्टम गोव्यातच, आणि वस्तू दाखवायच्या त्या बॅग चेक-इनला देण्याआधी. पण गोव्याहून मुंबईला देशांतर्गत विमानाने जाऊन तिथून परदेशी विमान पकडणार असाल तर गोव्यात हे काम होत नाही. एकाच तिकिटावर बॅगेला मोप्यातच ऑकलंडचा टॅग लागतो, आणि मुंबईत ती तुमच्या हाती येत नाही. दुर्बीण तिच्यात असली तर मुंबईच्या अधिकाऱ्याला दाखवणार काय? म्हणून नंबर असलेली प्रत्येक वस्तू हातातल्या बॅगेत. दुर्बीण, कॅमेरा, लेझर यंत्र मिळून तीन-चार किलो भरतात, त्या हिशेबाने कपडे खाली ढकला.

शिक्का घ्यायचा राहिलाच तर भारतातलं जीएसटीचं बिल दुसऱ्या क्रमांकाचा पुरावा ठरतं, फक्त त्यावर सिरियल नंबर हवा. दुकानदार बहुतेक वेळा तो लिहीत नाहीत, खरेदीच्या वेळीच लिहून घ्या. वस्तू पूर्वी परदेशातून आणून तिच्यावर शुल्क भरलेलं असेल तर ती पावती बिलापेक्षा भारी. व्यवसायासाठी चित्रीकरणाचा मोठा सरंजाम नेणाऱ्यांसाठी एटीए कार्नेट नावाची वेगळी सोय आहे, ती भारतात फिक्की देते. हौशी माणसाने तिच्या नादी लागू नये.

बॅटऱ्यांचा हिशेब सोपा आहे, तरी माणसं अडतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक फक्त हातातल्या बॅगेत. मर्यादा मोजतात वॉट-तासांत, मिलीअँपिअरमध्ये नव्हे. 20,000 मिलीअँपिअर-तासांची पॉवर बँक 3.7 व्होल्टवर 74 वॉट-तास होते, म्हणजे 100च्या आत. 100 ते 160 वॉट-तासांच्या सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या परवानगीने आणि जास्तीत जास्त दोन. आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षेवाले ती काढून घेऊ शकतात. सुरी, पक्कडवाला चाकू, तिपाई आणि चालायच्या काठ्या खाली जाणाऱ्या बॅगेत. सुरीचं पातं म्यानात घालून वर जाड पुठ्ठा गुंडाळा, बॅग तपासणाऱ्याचा हात कापता कामा नये. बटण दाबून उघडणारा किंवा फुलपाखरासारखा दोन मुठींचा चाकू न्यूझीलंडमध्ये नेताच येत नाही.

दोन वस्तू मात्र अजिबात घेऊ नका. पहिली, उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण, मग ते इरिडियमचा फोन असो की गार्मिनचं तळहाताएवढं इनरीच. डोंगरात ते जीव वाचवतं हे खरं. पण भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, त्यामागे 1885चा तार कायदा आणि 1933चा बिनतारी कायदा लावला जातो. 2024च्या डिसेंबरात कॅनडाच्या एका धावपटू महिलेला गोव्याच्याच विमानतळावर अशा उपकरणापायी अडवलं होतं. न्यूझीलंडमध्ये आपत्तीचा संकेत देणारा बीकन भाड्याने मिळतो, तिथेच घ्या आणि तिथेच परत करा. दुसरी वस्तू ड्रोन. 2022पासून त्याची आयात मोजके अपवाद सोडून बंद आहे. इथून नेलेला ड्रोन परत आणताना तो आपलाच आहे हे सिद्ध करत बसण्यापेक्षा तो घरी बरा.

आता बूट. न्यूझीलंडच्या विमानतळावर गोवेकराचं सामान अडतं ते बहुधा मातीमुळे आणि खाण्यामुळे. त्या देशाचं पोट शेती, कुरणं आणि जंगलावर चालतं, त्यामुळे बुटाच्या खाचेत अडकलेलं बी किंवा मातीतली बुरशी हा त्यांच्या लेखी खरा चोरटा माल. त्यांच्या उत्तर बेटावर शेकडो वर्षं जगणारे कौरी वृक्ष ज्या रोगाने मरतात तो फायटोफ्थोरा कुळातला आहे. आपल्या पोफळींवर पावसात पडणारा कोळेरोग त्याच कुळातला. कुळागर असलेल्या माणसाला यापुढे वेगळं सांगायला नको.

सराव म्हणून चोर्ला घाट किंवा मोले तुडवून आलेल्या बुटांत जांभ्याची तांबडी माती घट्ट बसलेली असते. आधी नाडे आणि आतला तळवा काढा. बूट सुके असतानाच खाचांतली माती बांबूच्या काडीने उकरा, ओल्या मातीचा चिखल होऊन ती आणखी आत जाते. मग कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना टूथब्रश. काथ्याने घासू नका, त्याचेच तंतू शिवणीत अडकतात आणि तपासणाऱ्याला ते गवत वाटतं. नाड्यांची भोकं, जिभेच्या दोन्ही बाजूंच्या घड्या आणि टाचेची शिवण या तीन जागा नेहमी राहतात. शेवटी पांढऱ्या कागदावर बूट जोरात आपटा. कागदावर कण पडले तर पुन्हा पहिल्यापासून. तांबडा डाग राहिला तर राहू द्या, डागाला कोणी हरकत घेत नाही, मातीला घेतं. आपल्या दमट हवेत बूट वरून सुकलेला वाटतो आणि आत ओला असतो. हाताला कोरडा लागल्यावरही आणखी दोन दिवस पंख्याखाली ठेवा आणि निघायच्या निदान पाच दिवस आधी हे काम उरका. बुरशी धरलेला बूट धुतलेला असला तरी संशयच वाढवतो.

बुटांसारखंच पायमोज्यांचे काठ, विजारीची दुमड, वेल्क्रो आणि पाठपिशवीचा तळ. वेल्क्रोत कुसळं बसतात, ती दाभणाने काढा. बॅगेच्या चाकांकडे कोणी बघत नाही, पण अंगणातून ओढत नेलेल्या चाकांतही मातीच असते. तंबू नेत असाल तर खुंट्या धुवा. ओढ्यात मासे धरायचाही बेत असेल तर नमद्याचे तळ असलेले बूट तिथे चालत नाहीत. हे सगळं साहित्य वरच्या थरात, एका वेगळ्या पिशवीत भरा. तपासणीला ते नक्की मागतात, आणि तेव्हा सगळी बॅग उपसायची वेळ येऊ नये.

खाण्याच्या बाबतीत आईचं मन मोडावं लागेल. चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) नाही. डुकराच्या मांसाला तिथे वाट नाही, कितीही सुकवलेलं असो. मध नाही. सुकी सुंगटं (कोळंबी), सोलं, लोणचं, बेबिंका यातलं काहीही नेलं तर जाहीर करायचं. अधिकारी बघून ठरवतो, ठेवतो किंवा काढून घेतो. दुकानातलं बंद पाकीट आणि त्यावर छापलेले घटक असतील तर निभावण्याची शक्यता जास्त, घरच्या डब्यातल्या जिनसेची कमी. सुक्या खोबऱ्याची वाटी तर विमान कंपन्याच पेट घेणारा जिन्नस म्हणून बॅगेत नाकारतात.

दारूचं गणित वेगळं. प्रत्येक प्रौढाला 1125 मिलीलिटरपर्यंतच्या तीन बाटल्या कडक दारू करमुक्त नेता येते. लेबल लावलेली, सील असलेली काजू फेणी त्यात सहज बसते. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, मोसमात मात्र पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून कोणीतरी ती हातात ठेवतंच. ती बाटली दबावाने गळते, तिच्यावर लेबल नसतं आणि तिच्यात काय आहे हे सांगता येत नाही. निघायच्या आदल्या रात्री संपवा. सिगारेटी 50च्या वर नकोत. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, तीन महिन्यांपुरती.

न्यूझीलंडचं प्रवासी घोषणापत्र ऑनलाइन आणि फुकट भरता येतं, प्रवास सुरू व्हायच्या 24 तास आधीपासून. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते बंद करा. वापरलेले बूट, शिकारीचं साहित्य, अन्न, आणि गेल्या महिन्याभरात तुम्ही रानात किंवा गोठ्यात गेला होतात का, या प्रश्नांना खरं ते हो म्हणा. हो म्हटल्याने दंड होत नाही, फार तर वीस मिनिटं जातात. नाही म्हणून सापडलात तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर. विमानात दिलेलं सफरचंद खिशात राहिलं तरी हाच दंड. अगदीच आठवलं नसेल तर तपासणीच्या आधी टाकून द्यायला पेट्या असतात.

परतीच्या बॅगेत जनावराचं काही नको. कातडं नको, दात नको, शिंग नको, दुकानातला शिंगाच्या मुठीचा सुंदर चाकूही नको. मूठ कोणत्या हरणाच्या शिंगाची हे बघून सांगता येत नाही, आणि आपल्याकडे हरणाच्या शिंगाचा व्यापार बंद आहे. ताहराची तर गंमतच आहे. हा हिमालयातला रानबोकड 1904मध्ये न्यूझीलंडला नेऊन सोडला. तिथे तो वाढून वनस्पतींचा शत्रू झाला म्हणून मारतात, इथे मात्र तो 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याचं शिंग तिथल्या पावतीसह आणलं तरी इथे उत्तर देता येत नाही. फोटो आणा.

तसंच रायफलचा सायलेन्सर. तिथे तो दुकानात मिळतो म्हणून भेट घेण्याचा मोह होतो, पण शस्त्राचे सुटे भाग आपल्या शस्त्र कायद्यात शस्त्रच मानले जातात. रायफलवर बसवायची दुर्बीणही रायफलसोबत तिथेच सोडा.

मुंबईमार्गे परतत असाल तर बहुतेक वेळा बॅग मुंबईत उचलून तिथेच कस्टम ओलांडावं लागतं आणि मग ती पुन्हा गोव्याच्या विमानाला द्यावी लागते. दोन विमानांत किमान चार तास ठेवा. तिथे केलेली खरेदी करमुक्त मर्यादेपलीकडे गेली तर लाल मार्ग, म्हणजे माल जाहीर करणाऱ्यांची वाट. ही मर्यादा माणशी असते, नवरा-बायकोची एकत्र जोडता येत नाही. एक्स्पोर्ट सर्टिफिकेट पासपोर्टच्याच पाकिटात हवं, खाली दिलेल्या बॅगेत नव्हे. जाहीर करायचं असेल ते कस्टमच्या अतिथी या अॅपवर विमानात बसण्याआधी भरता येतं.