झाडांच्या फिशटँकचा लाइट आणि खान्देशचा उन्हाळा: या चुका टाळा

दोन फुटी टँकवर मी पहिल्यांदा लाइट लावला तो ५० वॉटचा फ्लडलाइट. दुकानदार म्हणाला होता, जितका जास्त लाइट तितकी झाडं जोरात. तिसऱ्या आठवड्यात झाडं होती तेवढीच होती, पण काच, दगड, फिल्टरची नळी सगळं हिरव्या शेवाळाने माखलं. आजी जवळ येऊन बघून म्हणाली, “हाई काय शे रे भाऊ, हौदनं पानी?”

चूक कुठे झाली ते आपल्याकडच्या माणसाला केळीवरून लगेच कळेल. केळीला ऊन फुकट मिळतं, म्हणून ठिबकमधून खत सोडायचं कुणी थांबवतं का? उलट ऊन भरपूर असलं की पाणी आणि खत जास्त लागतं. टँकमध्येही लाइट वाढवला की झाडांची कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, पोटॅश यांची मागणी वाढते. ती पुरवायला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, खत नाही, तर झाड जागच्या जागी थांबतं. मग उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसतं, कारण त्याला फार थोडक्यात भागतं.

म्हणून आधी हिशेब करा, आणि तो वॉटमध्ये करू नका. गॅलनला इतके वॉट हा नियम ट्यूबलाइटच्या काळातला आहे, एलईडीला तो लागू पडत नाही. खोक्यावर लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, लिहिलेलं असतं, ते बघा. २४ × १२ × १२ इंचाच्या टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर पाणी बसतं, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली की साधारण ४५. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिस्नेरिया अशा सोशिक झाडांना लिटरला १० ते २० लुमेन पुरतात. म्हणजे ९०० लुमेनचा ९ वॉटचा एक साधा बल्ब झाला! माझा फ्लडलाइट लिटरला शंभराच्या आसपास ओतत होता. लाल रोटाला किंवा जमिनीवर पसरणारा हिरवा गालिचा हवा असेल तर ३०-४० च्या पुढे जावं लागतं, पण तेव्हा सिलिंडर आणि नियमित खत हवंच. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, झाडाचं नाही. तरी पांढऱ्या लाइटपुरता हा अंदाज चालून जातो. टँक दीड फूट खोल असेल तर तळाशी उजेड बराच कमी पोचतो, हे मात्र धरून चाला.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातला ‘कूल डे लाइट, ६५०० के’ बल्ब चालतो. जांभळ्या ‘ग्रो लाइट’खालीही झाडं वाढतात, पण टँक लग्नाच्या स्टेजसारखा दिसतो आणि मासे आजारी आहेत की बरे, तेही कळत नाही.

सर्वांत जास्त टँक बिघडतात ते वेळेमुळे. सकाळी उठल्यावर चालू, रात्री झोपताना बंद, म्हणजे १४-१५ तास. नव्या टँकला सहा तास द्या, दोन महिन्यांनी वाटलं तर हळूहळू आठपर्यंत न्या. टायमर घ्याच, पण इथे आपल्याकडची खास मेख आहे. गोल तबकडीचा स्वस्त टायमर विजेवरच फिरतो. लोडशेडिंगमध्ये तो थांबतो आणि तेवढा मागे पडतो. रोज दोन तास लाइट गेली तर चार दिवसांनी टँक संध्याकाळी पाचऐवजी रात्री एकला उजळतो. आतमध्ये स्वतःचा सेल असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण घड्याळ चुकत नाही. आणि लाइट गेल्यामुळे बुडालेले तास दुसऱ्या दिवशी भरून काढू नका, एखाद्या दिवशी कमी उजेड मिळाला म्हणून झाडं रुसत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीतून टँकवर ऊन येत असेल तर तेही तासांत मोजा. खरं तर टँकच तिथून हलवा.

आता मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात गेला की घरातल्या टँकचं पाणीही ३२-३३ अंशांवर जातं. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, कार्बन डायऑक्साइडही कमी. त्यात झाडं रात्रभर श्वास घेतात, त्यामुळे दाट झाडांच्या टँकमध्ये पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतात. मी एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत लाइट पाच तासांवर आणतो, तोही संध्याकाळी, आणि रात्री एअरपंप चालू ठेवतो. लाइट काचेच्या झाकणावर न टेकवता चार-सहा इंच वर टांगतो. पाण्यालाही ऊब लागत नाही आणि एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा आतला भाग) हाही टिकतो, कारण उष्णता त्यालाच आधी मारते. पाण्यावर आडवा वारा मारणारा छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश खाली येतात. कूलरसारखंच गणित आहे: कोरड्या उन्हाळ्यात छान चालतं, दमट पावसाळ्यात नाही. उडून गेलेलं पाणी भरायला मात्र आरओचं वापरा. वाफ होताना क्षार मागेच राहतात, वरून बोअरचं पाणी ओतत गेलात तर पाणी जडच होत जातं.

तेच क्षार लाइटही खातात. कूलरच्या जाळीवर जमतो तसा पांढरा थर झाकणाच्या काचेवर चढतो आणि उजेड अडवतो. आपल्याला वाटतं लाइट म्हातारा झाला. काच काढून व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने पुसा, धुवा, मग परत ठेवा. महिन्यातून एकदा पुरे. जुन्या ट्यूबा असतील तर त्या दिसायला पेटतात, पण वर्षभरात बऱ्याच मंदावतात. एलईडीला ती घाई नाही.

नवी झाडं आणल्यावर एकदम पूर्ण लाइट देऊ नका. टिश्यूकल्चरचं केळीचं रोप आपण आधी शेडनेटमध्ये कणखर करतो ना, हेही तसंच. क्रिप्टोकोरिनची पानं तर पहिल्या पंधरवड्यात बऱ्याचदा सडून गळतात. मूळ उपटू नका, नवी फुटतात.

प्रत्येक दुखणं लाइटचं नसतं. देठावर पानांत लांब अंतर पडलं, खालची पानं गळाली, तर उजेड कमी आहे. जुन्या पानांना भोकं म्हणजे बहुधा पोटॅशची कमतरता. नवी पानं फिकट पिवळी म्हणजे लोह, आपल्या जड पाण्यात ते झाडाला सहज मिळत नाही. अनुबियासच्या पानांवर हिरवे कडक ठिपके आले तर ते ज्या दगडावर बांधलंय तो दगड सावलीला सरकवा. नव्या टँकमधली तपकिरी भुकटी काही आठवड्यांत आपोआप जाते, तिच्यासाठी लाइट बदलू नका. पाणीच हिरवं झालं असेल तर तीन दिवस जाड चादर टाकून पूर्ण अंधार करा, एअरपंप चालू ठेवा, नंतर निम्मं पाणी बदला.

पाण्यात हात घालण्याआधी लाइटची पिन काढा, आणि वायर बोर्डापेक्षा खाली लोंबकळून मग वर जाईल अशी सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत न जाता खालीच ठिबकतं.

तो ५० वॉटचा फ्लडलाइट आता शेतातल्या गोठ्यावर लावलाय. म्हशींची काही तक्रार नाही.