वांझ पतंग येतील तेव्हा येतील, आधी पऱ्हाटी मोडा

दिवाळीनंतरची कापूस वेचणी उरकत आली की फरदडीचा, म्हणजे तेच पीक राखून पुन्हा बोंडे घेण्याचा, विचार डोक्यात घोळू लागतो. त्यात आता नवी विचारणा: प्रयोगशाळेतले वांझ पतंग सोडून कपाशीवरची गुलाबी बोंडअळी संपते म्हणे, ते कुठे मिळतील?

विक्रीला कुठेच नाहीत. कुणी डबी घेऊन बांधावर आला तर आधी परवानगीचा कागद मागा.

कल्पना मात्र खोटी नाही. अमेरिकेत ॲरिझोनात २००६ पासून चार वर्षांत किरणोत्साराने वांझ केलेले दोन अब्जांहून जास्त पतंग विमानातून कपाशीवर सोडले. वांझ नराशी जुळलेल्या मादीची अंडी उबतच नाहीत. या पतंगांना अळी असतानाच खाद्यातून लाल रंग दिलेला असे. सापळ्यातला पतंग चिरडला आणि आतून लाल निघाला तर तो सोडलेला. काही शेतांत जनुक बदलून चमकणारे पतंगही सोडून पाहिले. २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले. पण तिथे बीटी, म्हणजे अळीला मारणारे जनुक घातलेली कपाशी, तेव्हा अळीला मारत होती आणि हंगामानंतर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडे, गाडणे सक्तीचे होते. आपल्याकडे बीजी-२ या बीटी कपाशीला अळी कधीच सरावली. बोंडअळीने बुडवलेला २०१७ चा हंगाम आठवा.

या तंत्राचा मोठा गुण म्हणजे नेमकेपणा. फवारणीत ढालकिडे, क्रायसोपा हे मित्रकिडेही मरतात. वांझ पतंग फक्त स्वतःच्या जातीचा वंश तोडतो. धोकेही आहेत. एक कीड हटली की दुसरी डोके काढते. बीटीनंतर हिरवी बोंडअळी दबली आणि रसशोषक किडी वर आल्या, हे आपण भोगले आहे. किरणांऐवजी पिल्ले मारणारे जनुक घातलेल्या काही किड्यांत ते जनुक टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिळाले की गप्प बसते, आणि हे औषध आपल्या गोठ्यातही वापरले जाते. ब्राझीलच्या जाकोबिना शहरात असे डास सोडल्यावर त्यांच्या जनुकांचे अंश स्थानिक डासांत सापडले. त्यावरून शास्त्रज्ञांत वाद झाला, तरी सोडलेला किडा परत गोळा करता येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

तोवर या महिन्यात काय? एकरी २० हिरवी बोंडे तोडून फोडा. दोनमध्ये अळी दिसली तर नुकसानीची पातळी गाठली, म्हणजे उपाय करायची वेळ आली. मादीच्या वासाने नर ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले तरी तेच समजा. फरदड ठेवू नका. दोन-तीन क्विंटलचा मोह पुढच्या हंगामाला महाग पडतो. डिसेंबरअखेर वेचणी संपवून शेतात शेळ्या-गुरे सोडा आणि पऱ्हाट्या श्रेडर यंत्राने बारीक करा. बांधावर गंजी रचू नका.

कवडी, म्हणजे किडका डागी, कापूस चांगल्यात मिसळू नका. त्यातली सरकी हातात घेऊन पाहा: दोन दाणे एकमेकांना चिकटलेले दिसले तर नखाने सोडवा. पुढच्या पेऱ्याची वाट पाहत अळी आतच झोपलेली सापडेल.