थ्रो मारला की खांद्यात कळ: मले काय लागू पडलं

आमच्या इकडं दारव्ह्याजवळ सोयाबीन निघालं की वावरातच पिच पडते. मागच्या सीझनपासून बाउंड्रीवरून थ्रो मारला की बॉल हातातून सुटल्यावर लगेच खांद्याच्या मागून कळ निघे, बॉल सुटायच्या आधी काहीच नाही, अन् रात्री त्या कुशीवर झोपणं बंद. बाम, मालिश, पंधरा दिवस आराम, सगळं केलं, पहिल्याच थ्रोले पुन्हा तेच. लै वैताग आला होता.

मंग फिजिओनं समजावलं. जोर देतात छाती, पाठ अन् हात आत फिरवणारा सबस्कॅपुलॅरिस, पण सुटलेल्या हाताले ब्रेक लावतात मागचे छोटे मसल, इन्फ्रास्पायनॅटस अन् टेरेस मायनर. माझे तेच कमजोर.

सायकलची जुनी ट्यूब गोठ्याच्या खांबाले कोपराच्या उंचीवर बांधली. दुखरा खांदा खांबापासून लांबच्या बाजूला. दुपट्ट्याची गुंडाळी कोपर अन् बरगडीच्या मधात, कोपर काटकोनात, मंग ट्यूब धरून हात पोटापासून बाहेर न्यायचा अन् तीन मोजत हळू परत आणायचा, खरं काम या परत येण्यातच आहे, ब्रेकचं. गुंडाळी खाली पडली म्हणजे कोपर सुटलं. 15 वेळा, 3 सेट, एक दिवसाआड. शेवटी दुसऱ्या हातानं कोपर छातीवर ओढून 30 सेकंद, तीनदा.

दोन आठवडे थ्रो बंद, नंतर दहा पावलांवरून, दर आठवड्याले थोडं लांब. सहाव्या आठवड्यात बाउंड्रीवरून किपरच्या हातात, कळ नाही.

हात वर उचलताच येत नसंन तर भाऊ, आधी डॉक्टरले दाखवा.