महाविद्यालयात मुक्त शैक्षणिक सामग्री आणण्यापूर्वीची तयारी

प्रवेशाची धांदल सुरू झाली की इंदूरच्या कोणत्याही महाविद्यालयात प्राचार्यांना आणि ग्रंथपालांना श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून मुक्त शैक्षणिक सामग्री, म्हणजे खुल्या परवान्यामुळे कोणालाही विनामूल्य वापरता येणारी पुस्तके, टिपणे आणि व्हिडिओ, आणण्याची ही तयारी उन्हाळी सुट्टीतच उरकावी. परवानगीचे पत्र आणि प्रोजेक्टर या गोष्टी सांगायला नकोत.

सुरुवातीला विषय एकच घ्यावा, आणि तोही ज्याचे पुस्तक महाग आहे किंवा खजुरी बाजारात, म्हणजे इंदूरच्या पुस्तकबाजारात, सहज मिळत नाही असा. अभ्यासक्रमाची प्रत समोर ठेवून प्रत्येक युनिटपुढे नेमके प्रकरण आणि नेमका व्हिडिओ लिहावा. 'स्वयम आणि एनपीटीईएलवर सगळे आहे' असे या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळांबद्दल मोघम सांगितले तर विद्यार्थी तिकडे फिरकत नाही, मुकाट्याने गाईड विकत घेतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

आता परवाना. गेल्या वेळी नेमके हेच पाहायचे राहिले आणि तयार झालेली हिंदी टिपणे छपाईच्या तोंडावर बाजूला ठेवावी लागली, म्हणून हे सविस्तर सांगतो. आपले बरेच विद्यार्थी उत्तरे हिंदीत लिहितात, त्यामुळे इंग्रजी सामग्रीचे भाषांतर टळत नाही. पण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे सामग्री इतरांना कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणाऱ्या ठरावीक, परवान्यात 'एनडी' ही अक्षरे असतील तर भाषांतर करून वाटता येत नाही. 'एसए' असेल तर भाषांतरही त्याच परवान्याखाली द्यावे लागते, आणि 'एनसी' असेल तर विक्रीचा विचार सोडावा. एकाच प्रकाशकाची सगळी पुस्तके एकाच परवान्याखाली असतात असेही समजू नये: ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकाची काही पुस्तके नुसत्या 'सीसी बाय'खाली, म्हणजे फक्त मूळ कर्त्याचे श्रेय देण्याच्या अटीवर, आहेत, तर कॅल्क्युलसचे 'बाय-एनसी-एसए'खाली. एनसीईआरटीची पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात, पण पानावर आडवी, पुसट छापलेली 'नॉट टू बी रिपब्लिश्ड' ही ओळ शोभेसाठी नाही.

बरे, पुस्तकाचा परवाना पाहिला म्हणजे भागले असेही नाही. आतल्या एखाद्या आकृतीखाली बारीक अक्षरांत 'परवानगीने' असे छापलेले असते; ती आकृती पुस्तकाच्या परवान्यात येत नाही, ती स्वतः काढावी किंवा वगळावी. यासाठी नाव, कर्ता, दुवा, परवाना आणि तपासल्याची तारीख असा तक्ता करावा, आणि परवान्याचा रकाना कोरा असेल तर ती सामग्री भाषांतराला देऊच नये, मागणारे विभागप्रमुख असले तरीही.

मुक्त शैक्षणिक सामग्रीबद्दलची युनेस्कोची 2019 ची शिफारस प्राचार्यांना दाखवायला उपयोगी पडते, सहकाऱ्यांना नाही. त्यांच्या हातात एक तयार युनिट ठेवावे. ज्यांचे स्वतःचे पुस्तक बाजारात आहे त्यांच्याशी वाद घालू नये. कौशल्य अभ्यासक्रमांसाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ पाठ, उत्तम आहे: अनेक पाठांना हिंदी आवाज आहे आणि परवाना 'बाय-एसए' आहे, पण तोही तक्त्यात लिहावा.

देपालपूर, सांवेर अशा आसपासच्या गावांहून येणाऱ्यांच्या मोबाईलच्या डेटावर विसंबू नये. ग्रंथालयात पेनड्राइव्ह आणि एक छापील प्रत ठेवावी. कार्यशाळा तासाभराची पुरे. अभिप्राय पहिल्या चाचणीनंतर घ्यावेत. बाकीचे ओघाने होईल. छपाईला देण्यापूर्वी मात्र परवान्याचा रकाना दुसऱ्या कोणाकडून तरी पुन्हा तपासून घ्यावा.