बडोद्यात शिकायला आलात? युद्धाच्या दिवसांत बोलण्याविषयी

घरून निघताना बहुतेकांना एक गोष्ट बजावलेली असते : 'परमुलखात चाललायस, कशात पडू नकोस.' सयाजीगंजात माझी खानावळ आहे. एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली सांगली, जळगाव, नांदेडची मुलं माझ्याकडे जेवतात आणि हे वाक्य कधी ना कधी मला ऐकवतात. मी लग्न होऊन मिरजेहून आले तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं. खोली, भाडं, बस याबद्दल तुमचे सीनिअर सांगतील. मला सांगायचंय ते वेगळं आहे. सीमेवर गोळीबार चालू असतो, टीव्हीवर नुसता आरडाओरडा असतो, अशा वेळी कॉलेजात शांतपणे आपलं मत मांडता येतं का, आणि मांडायचं तर कसं.

आधी हे परमुलखाचं मनातून काढा. दांडिया बाजार, रावपुरा इथं पिढ्यान् पिढ्या मराठी घरं आहेत. आणि युद्ध चालू असताना विद्यार्थ्यांनी शांतपणे रस्त्यावर उतरणं या शहराला नवीन नाही. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना 'चले जाव'चा संदेश खेडोपाडी पोचवायला बडोद्याचे विद्यार्थी आणंदकडे गेले होते. १८ ऑगस्ट १९४२ रोजी आडास स्टेशनपाशी पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पाच जणांचा जीव गेला. त्याआधी नऊच दिवस अहमदाबादेत गुजरात कॉलेजपाशी विनोद किनारीवाला हा विद्यार्थी असाच गोळीला बळी पडला होता. या मुलांच्या हातात शस्त्र नव्हतं. आडास फार लांब नाही, आणंदच्या वाटेवर वासद ओलांडलं की येतं. पहिल्या सुट्टीत जाऊन तिथलं स्मारक बघून या.

आता कायद्याचं. नुसत्या युद्धाच्या बातमीने तुमचं बोलण्याचं स्वातंत्र्य थांबत नाही. घटनेच्या कलम १९ मध्ये भाषणस्वातंत्र्य आहे, तसंच शस्त्र न घेता शांततेने एकत्र जमण्याचंही आहे. युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणावरून राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली, तरच ते कलम बाजूला पडतं. तसं १९६२ मध्ये झालं, डिसेंबर १९७१ मध्ये झालं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर चालू होतं तेव्हा आणीबाणी जाहीर झालेली नव्हती, म्हणजे त्या दिवसांतही कलम १९ जागच्या जागी होतं. त्याला मर्यादा आहेतच : देशाची सुरक्षितता आणि एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी. पण 'युद्ध नको' म्हणणं, सरकारला प्रश्न विचारणं, मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावणं, यातलं काहीही त्यात येत नाही असं माझं ठाम मत आहे.

एक निकाल गुजरातमधल्याच प्रकरणातला आहे, तो पाठच करा. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेच्या व्हिडिओवरून जामनगरला गुन्हा नोंदवला गेला होता. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या, विचारी माणसाच्या मापाने तोलायचा, ज्याला प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो त्याच्या मापाने नाही, असं न्यायालय म्हणालं.

पण निकाल लागेपर्यंत काय काय सोसावं लागतं तेही ठाऊक असू द्या. पुण्यात इंजिनिअरिंगच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने ७ मे २०२५ ला भारत-पाकिस्तान संघर्षावरची कुणाचीतरी पोस्ट पुढे पाठवली, थोड्याच वेळात काढूनही टाकली, माफी मागितली. तरी अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिची सुटका केली, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि परीक्षेला बसू द्यायला सांगितलं. ऐन परीक्षेच्या दिवसांत ती पोरगी तुरुंगात होती. मला याचा आजही संताप येतो. म्हणून सांगते, रागाच्या भरात दुसऱ्याचं लिहिलेलं पुढे ढकलू नका. आपलं मत आपल्या शब्दांत, सकाळी उठून, दोनदा वाचून लिहा.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. विमानतळावर काय उतरलं, लष्कराच्या गाड्या कुठे चालल्या, याचे फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत आणि आलेले पुढे पाठवायचे नाहीत. इथे हवाई दलाचं स्टेशन आहे, कोयलीची रिफायनरी आहे. मत मांडणं वेगळं आणि फौजेच्या हालचाली उघड करणं वेगळं. दुसऱ्यात स्वातंत्र्याचा काही संबंध नाही, त्यात कुणाचा तरी जीव जाऊ शकतो.

त्या ७ मेला देशभर मॉक ड्रिल झालं, त्यात बडोदाही होतं. संध्याकाळी दिवे बंद करायचे होते, म्हणून मी पानं लवकर वाढली. फाइन आर्ट्सची एक मुलगी पुठ्ठा घेऊन आली होती. त्यावर जाड ब्रशने मराठी, गुजराती, हिंदीत लिहिलेलं, 'युद्ध नको'. समोर बसलेल्या मुलाचे वडील हवालदार, तेव्हा जम्मूकडे होते. त्याने ताट सरकवलं आणि म्हणाला, 'माझा बाप तिथे आहे आणि तू हे घेऊन उभी राहणार?' दोघांचा आवाज चढला. मी मध्ये पडले नाही. अंधारात बसूनच त्यांचं बोलणं चाललं, हळूहळू आवाज खाली आले. तिने विचारलं, घरून फोन आला का? दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर खाली एक ओळ वाढली होती, 'आमचे जवान सुखरूप परत येवोत'. तो तिच्याबरोबर उभा राहिला नाही. 'मला पटत नाही, पण तू उभी राहा,' इतकंच म्हणाला. युनिव्हर्सिटीला लागूनच फतेहगंजात लष्कराचं ईएमई स्कूल आहे. तुमच्या वर्गात फौजी घरातली मुलं असणार. घोषणा लिहिण्याआधी त्यांच्याशी बोला. त्यांना दुखवून शांतता मागता येत नाही.

उभं राहायचं ठरलं तर जागा नीट निवडा. गुजरात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली पोलीस कमिशनर जाहीरनामा काढतात आणि चारपेक्षा जास्त माणसं जमायला परवानगी लागते. तो त्या दिवशी लागू आहे का ते आधी बघा. आवारात जमायचं तर डीनकडे लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. अहमदाबादेत विद्यार्थ्यांच्या संपासाठी मागितलेल्या सभेला पोलिसांनी परवानगी नाकारली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९७२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याचं नियमन करता येतं, पण अधिकाऱ्याच्या मर्जीवर सगळं सोडता येत नाही. अशी दाद मागायला नकार लेखी हवा, तोंडी 'नाही'चा काही पुरावा राहत नाही.

आवारातही सगळं सुरक्षित असतं असं समजू नका. २००७ च्या मे महिन्यात फाइन आर्ट्सच्या एका विद्यार्थ्याला परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून अटक झाली, आणि मुलांच्या बाजूने उभे राहिलेले प्रभारी डीन शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. मुलांनी तेव्हा शांतपणेच विरोध केला. कुणी चिथावायला आलं, धक्काबुक्की सुरू केली, तर हात खिशात घाला आणि खाली बसा. कोण बरोबर होतं ते नंतर चित्रीकरणात दिसतं.

पोलिसांनी नेलंच तर कारण विचारा. ते सांगणं त्यांना बंधनकारक आहे, वकिलाला भेटू देणं आणि चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभं करणंही. मुलींना सूर्यास्तानंतर अपवाद सोडून अटक करता येत नाही. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. न वाचता कशावरही सही करू नका, गुजराती येत नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

कॉलेजची नोटीस आली तर घाबरून ती गादीखाली ठेवू नका. मुदत बघा, कमी असेल तर वाढवून मागा आणि उत्तर लेखीच द्या. पुण्याच्या त्या मुलीला बाजू मांडायची संधी न देताच काढलं होतं, हे न्यायालयात तिच्या कामी आलं. उत्तर मराठीत लिहून आणलंत तरी चालेल. इंग्रजी करून देणारे दोन-तीन जण माझ्याकडे रोज रात्री जेवायला असतात.