खांबाची कडी आणि ढालीवरचं कडं : या चुका टाळा

धुळे जिल्ह्यातल्या बळसाण्याच्या जुन्या मंदिरांत गेलात तर खांबांवर बाजूने बॅटरी मारून बघा. गोल भागावर एकाखाली एक बांगडीसारखी कडी कोरलेली, मधे बारीक खाच. ही कडी वरून चढवलेली नाहीत, त्याच दगडातून काढलेली आहेत. शोभा आहे ती खाचेतल्या सावलीची.

आमच्या गावच्या महादेवाला दर महाशिवरात्रीला ऑइलपेंटचा हात बसायचा. तिसऱ्या-चौथ्या हातानंतर खाच बुजली, खांब नळकांड्यासारखा गुळगुळीत झाला. एका म्हाताऱ्या बाबांनी खांबावर हात ठेवून विचारलं, "भाऊ, कडं कोठे गयं?" तो प्रश्न मला फार लागला.

म्हणून पहिलं सांगणं: कोरीव दगडाला ऑइलपेंट नको. आधीच लागला असेल तर ग्राइंडर, तारेचा ब्रश, ॲसिड यांतलं काहीच वापरू नका. रंगासोबत कड्याची धारही जाते. चुना असेल तर पाण्याने भिजवून बांबूच्या कामटीने हळूहळू खरवडा. ऑइलपेंटला रंग काढायचं रसायन लागतं, तेही आधी मागच्या बाजूला बोटभर जागेवर लावून बघा. खाचेत सिमेंट भरलं असेल तर जाणत्या कारागिराला बोलवा. आणि जळगाव जिल्ह्यातल्या चांगदेवसारख्या संरक्षित मंदिरात हे काहीच करायचं नाही, पुरातत्त्व खात्याला कळवायचं.

दुसरी चूक नावांची. शिखरावर कळसाखाली आवळ्यासारखं पाकळ्या-पाकळ्यांचं दगडी चक्र असतं, तो आमलक. त्यालाही सर्रास कळसच म्हणतात. जीर्णोद्धारात मग आमलकाच्या जागी सिमेंटचा साधा गोळा बसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी चूक वर्णनाची. ग्रीकांच्या डोरिक नावाच्या जुन्या शैलीतल्या खांबाच्या माथ्याखाली तीन ते पाच बारीक कडी असतात, तीही दगडातच कोरलेली. युरोपातल्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या चर्चमध्ये मात्र बारीक खांबांवरचं कडं पुष्कळदा वेगळा दगड असतो आणि तो खांबाला मागच्या भिंतीशी बांधून ठेवतो. त्यामुळे आपल्या खांबाबद्दल बोलताना तिकडचं वर्णन जसंच्या तसं उचलू नका.

आता ढालीवरच्या कड्याचं. शाळा, मंडळं बोधचिन्ह करताना इंटरनेटवरून विलायती ढाल घेतात, तीवर कडं असतं. डिझाइनवाला ते आतून भरून टाकतो. कुलचिन्हांच्या, म्हणजे घराण्यांच्या ढालीवरच्या खुणांच्या, शास्त्रात पोकळ कडं आणि भरीव टिकली ही दोन वेगळी चिन्हं आहेत. इंग्लंडच्या परंपरेत छोटं कडं पाचव्या मुलाची खूण म्हणूनही येतं. तेव्हा नुसतं छान दिसतं म्हणून उचलण्याआधी विचार करा. ठेवायचंच असेल तर कड्याची रेघ बारीक आणि पोकळी मोठी ठेवा. रबरी शिक्क्यात शाई पसरून पोकळी भरते, म्हणून शिक्का करायला देण्याआधी चिन्ह दोन सेंटिमीटरवर छापून घ्या आणि हातभर अंतरावरून बघा.